शाळेने मूल निवडावे काय?

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



साठ वर्षांच्या शाळेच्या मेळाव्यात मुख्याध्यापिकेने आठवणी सांगाव्यात, गुणवंतांची नावे घ्यावीत आणि देणगीदारांचे आभार मानून खाली बसावे, असा रिवाज आहे. आभार तर मी मानणारच आहे. परंतु आज एका प्रश्नाविषयी आपल्याशी बोलण्याची अनुमती मी अध्यक्षांकडून आधीच मागून घेतली आहे. तो प्रश्न आपल्या शाळेतील प्रवेशाचा आहे.

सेमी-इंग्रजीचे वर्ग सुरू झाल्यापासून आणि नवी इमारत उभी राहिल्यापासून पहिलीच्या जागांपेक्षा अर्ज अधिक येऊ लागले आहेत. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेला हे सुख क्वचितच लाभते. त्यामुळे व्यवस्थापन समितीपुढे दोन सूचना आल्या आहेत. पहिली अशी की, मुलांची छोटीशी चाचणी आणि पालकांची मुलाखत घ्यावी. हुशार मुले घेतली की दहावीचा निकाल आपोआप सुधारेल. दुसरी अशी की, मराठी माणसांनी पै-पै जमवून ही शाळा उभारली, तेव्हा ज्यांच्या घरी मराठी बोलली जाते त्यांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलानातवंडांनाच आधी घ्यावे. दोन्ही सूचना शाळेवरील प्रेमापोटी आल्या आहेत, याविषयी माझ्या मनात शंका नाही. सूचना करणाऱ्यांपैकी काही जण माझ्याच वर्गात शिकले आणि आज समोर बसले आहेत. म्हणून घरच्या माणसांना द्यावे तसे मोकळे उत्तर मला द्यायचे आहे.

गेल्या हिवाळ्यात आपली एक माजी विद्यार्थिनी अमेरिकेहून आली होती. तिच्या मुलासाठी तिने तिकडच्या एका ‘चार्टर’ शाळेत अर्ज केला होता. जागा थोड्या, अर्ज पुष्कळ. तेव्हा सर्वांसमक्ष सोडत काढली गेली आणि तिच्या मुलाचे नाव प्रतीक्षायादीत गेले. ती मला म्हणाली, “बाई, त्याची कोणी परीक्षाच घेतली नाही. नापास झाला असता, तर निदान त्याची समजूत तरी घालता आली असती.” तिच्या या बोलण्याने मी विचारात पडले. ज्या शाळेला इतकी मागणी आहे, ती शाळा मुले निवडत का नाही? त्या कुतूहलापोटी मी या शाळांविषयी जे मिळेल ते वाचू लागले. त्या वाचनातून जे हाती लागले, ते आपल्या प्रश्नाला फार जवळचे आहे.

चार्टर म्हणजे सनद. या शाळा सरकारी पैशावर चालतात, शुल्क घेत नाहीत. परंतु त्यांचा कारभार सरकारी खात्याऐवजी स्वतंत्र मंडळाकडे असतो. काय शिकवू आणि कोणते परिणाम दाखवू, हे सनदेत लिहून द्यायचे. ते साधले नाही तर सनद काढून घेतली जाते. १९८८ साली शिक्षकांच्या एका मोठ्या संघटनेचे अध्यक्ष अल्बर्ट शँकर यांनी ही कल्पना अमेरिकेपुढे जोरकसपणे मांडली. १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने तसा पहिला कायदा केला आणि १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात सिटी अकॅडमी ही पहिली शाळा उघडली. ती होती अर्धवट शिक्षण सोडलेल्या मुलांसाठी. ज्यांना इतर शाळांत थारा उरला नव्हता, त्यांच्यापासून या चळवळीचा आरंभ झाला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आज चाळीसहून अधिक राज्यांत अशा शाळा असून त्यांत सुमारे ३७ लाख मुले शिकतात.

या शाळांना अभ्यासक्रम, वेळापत्रक, शिक्षकांची नेमणूक अशा पुष्कळ बाबतींत मोकळीक असते. प्रवेशाच्या बाबतीत मात्र कायद्याने त्यांचे हात बांधले आहेत. त्यासाठी राज्याराज्यांचे नियम थोडे निराळे असले, तरी गाभा सारखा आहे. जो अर्ज करील त्याला घ्यायचे. अर्ज जागांपेक्षा अधिक झाले, तर सोडत काढायची. संघराज्याच्या विशेष योजनेतून अनुदान घेणाऱ्या शाळांना तर सोडतीची अट घातलेलीच आहे. आधीपासून शिकणाऱ्या मुलाचे भावंड, शिक्षकांची मुले, संस्थापकांची मुले यांना अग्रक्रम देता येतो. परंतु संस्थापक आणि शिक्षक यांच्या मुलांची संख्या एकूण पटाच्या अल्प हिश्शापुरतीच असावी लागते. अपंग मुलांच्या शिक्षणाचे कायदे या शाळांनाही लागू आहेत. ‘आमच्याकडे सोय नाही’ असे सांगून त्यांना परत पाठवता येत नाही. २०१४ पासून संघराज्याने आणखी एक मुभा दिली: राज्याच्या कायद्यात बसत असेल, तर वंचित घरांतील मुलांच्या चिठ्ठ्यांना सोडतीत अधिक वजन देता येते.

पालकहो, नियम इतका स्पष्ट असूनही तो पाळला गेला का? येथेच मला आपल्यासाठी खरा धडा दिसला. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी सनदी शाळांची लेखी धोरणे तपासली. तेव्हा तेथे अशा सुमारे १,२०० शाळा होत्या. त्यांपैकी किमान २५३ शाळांच्या धोरणांत कायद्याला न बसणाऱ्या अटी आढळल्या. कोणी अमुक गुणांची अपेक्षा धरली होती, कोणी प्रवेशाआधी मुलाकडून निबंध मागवला होता, कोणी नागरिकत्वाशी निगडित कागद मागितले होते, तर कोणी पालकांनी वर्षाकाठी इतके तास शाळेसाठी श्रमदान केलेच पाहिजे, असे लिहिले होते. शेवटची अट वरवर किती निर्दोष दिसते! पण दोन पाळ्यांत काम करणाऱ्या आईला ती अट म्हणजे बंद दारच. हा अहवाल प्रसिद्ध झाल्यावर अनेक शाळांनी आपली धोरणे दुरुस्त केली. २०१७ मध्ये त्या राज्याने श्रमदानाची सक्ती प्रवेशाला जोडण्यास कायद्याने मनाई केली, आणि २०१९ च्या सुधारणेनंतर प्रवेशापूर्वी मुलाचे जुने दाखले व नोंदी मागण्यालाही बंदी आली.

सोडत निकोप असली तरी मुलांची गाळणी आणखी दोन ठिकाणी होऊ शकते. एक सोडतीच्या आधी. ज्या वस्तीत शाळेची माहितीच पोहोचत नाही, त्या वस्तीतले नाव पेटीत पडणार कसे? न्यू ऑर्लिन्स शहरात २००५ च्या कॅटरिना वादळानंतर बहुतेक शाळा सनदी झाल्या. आरंभी प्रत्येक शाळेचा अर्ज वेगळा, मुदत वेगळी. ज्या पालकांना सवड आणि माहिती होती, तेच दारोदार फिरू शकत. २०१२ पासून तेथे एकच अर्ज सुरू झाला. त्यावर पालकांनी शाळा पसंतीक्रमाने लिहायच्या आणि पुढचे काम एका सामाईक व्यवस्थेने करायचे.

दुसरी गाळणी प्रवेशानंतरची. मूल अभ्यासात मागे पडू लागले की पालकांना पुन्हा पुन्हा बोलवायचे, ‘ही शाळा त्याला मानवत नाही’ असे सुचवायचे आणि दाखला नेण्याची वाट पाहायची. शिवाय मधल्या वर्गात जागा रिकामी झाली, तरी नवे मूल घ्यायचे नाही. पहिल्या इयत्तेत सोडतीने आलेली मुले वरच्या वर्गापर्यंत गळत जातात आणि उरलेल्या मोजक्या मुलांचा निकाल डोळे दिपवतो. अमेरिकेत या प्रश्नावर बराच वाद झाला. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१० च्या कायद्यात खालच्या इयत्तांमधील रिकाम्या जागा प्रतीक्षायादीतून भरण्याचे बंधन घातले, ते याच कारणाने. म्हणजे प्रवेशाचा नियम हा एका दिवसाचा नसतो. शाळेची वार्ता कोणाच्या कानी जाते येथे तो सुरू होतो आणि शेवटच्या वर्गात कोण उरते येथे तो संपतो.

आता पहिल्या सूचनेकडे वळते. चाचणीने निकाल सुधारेल काय? सुधारेल, यात शंका नाही. परंतु तो निकाल कोणाचा असेल? अमेरिकेतील सोडतीने तेथील संशोधकांना एक अनपेक्षित देणगी दिली. सोडतीत नाव निघालेली आणि न निघालेली मुले आरंभी सारखीच असतात; त्यांच्या पालकांची तळमळही सारखीच असते. म्हणून पुढे या दोन गटांची प्रगती ताडून पाहिली की शाळेने स्वतः किती शिकवले, हे कळते. बोस्टनमधील अशा अभ्यासांत तेथील सनदी शाळांतल्या मुलांची, विशेषतः गणितातील, प्रगती ठळकपणे अधिक दिसली. उलट २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १५ राज्यांतील ३६ माध्यमिक सनदी शाळांच्या अभ्यासात सरासरीने काहीच विशेष फरक आढळला नाही. काही शाळा चांगल्या, काही कमी. हे सारे कळू शकले, कारण त्या शाळांनी मुले निवडली नव्हती. जी शाळा निवडून मुले घेते, तिला आपल्या शिकवण्याचे मोल कधीच कळत नाही. पेरण्याआधीच निवडून घेतलेल्या दाण्यांवरून जमिनीचा कस कसा सांगणार?

आपल्या देशाचा कायदाही याच निष्कर्षाला आला आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या १३ व्या कलमाने देणगीशुल्क आणि प्रवेशाची चाळणी या दोहोंना मनाई केली. चाळणी घेणाऱ्या शाळेला पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत आणि पुढील प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला. चाळणी म्हणजे काय, याची व्याख्या तर वाचण्याजोगी आहे: एका मुलाला दुसऱ्यापेक्षा अग्रक्रम देणारी, यादृच्छिक पद्धत सोडून इतर कोणतीही पद्धत. साध्या भाषेत सांगायचे तर सोडत चालेल, निवड चालणार नाही.

माझे कायद्याचे जाणकार विद्यार्थी येथे हरकत घेतील, आणि ती योग्य आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ६ मे २०१४ रोजी प्रमती प्रकरणात हा अधिनियम अल्पसंख्याकांच्या शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागू होणार नाही असा निर्णय दिला. संविधानाच्या ३० व्या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे, आणि भाषिक अल्पसंख्याक कोण, हे राज्यागणिक ठरते. पुण्यात जी भाषा बहुसंख्यांची, ती येथे अल्पसंख्यांची. तेव्हा या अधिनियमातील मनाई आपल्याला बांधत नाही. समितीतील एका सदस्यांनी मला हेच सांगितले: “बाई, कायदा आड येत नाही.” त्यावर माझे उत्तर असे की, कायदा आड येत नाही, म्हणूनच हा निर्णय आपल्या विवेकाचा आहे. आपली भाषा टिकावी म्हणून मिळालेले हे संरक्षण सहा वर्षांच्या मुलाला नापास करण्यासाठी वापरावे काय?

येथे मला एक जुनी गोष्ट कबूल करायची आहे. तीसेक वर्षांपूर्वी मी या शाळेत नवी शिक्षिका होते. तेव्हा आपण पहिलीसाठी मुलाखती घेत असू. आम्ही तिघे जण टेबलामागे बसलो होतो. विदर्भातून मजुरीसाठी आलेल्या एका कुटुंबातला मुलगा समोर उभा होता. मी त्याला चित्र दाखवून विचारले, “हे कोण आहे?” तो चटकन म्हणाला, “पोट्टी.” आमच्यापैकी एकांना हसू आले. वऱ्हाडात मुलीला प्रेमाने काय म्हणतात, हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही; पण आमच्या कानांना तो शब्द अशिष्ट वाटला. दुसऱ्या चित्राच्या वेळी तो बोललाच नाही. त्याच्या नावापुढे ‘भाषा अपुरी’ असा शेरा मीच लिहिला. घरी मराठीशिवाय दुसरी भाषा नसलेल्या मुलाला मराठी शाळेने मराठी येत नाही म्हणून परत पाठवले. त्या मुलाचे पुढे काय झाले, हे मला माहीत नाही. मुलाखत मुलाची होत नाही. त्याच्या घराची, आईच्या लुगड्याची आणि बापाच्या बोलीची होते, हे मी त्या दिवशी शिकले असते तर बरे झाले असते. मला ते उशिरा उमगले.

दुसरी सूचना अधिक नाजूक आहे. मराठी घरांतील मुलांना अग्रक्रम द्यावा काय? येथे माझे मत सरसकट नकाराचे नाही. ही शाळा निघाली ती बदलीवर आलेल्या, कारखान्यांत आणि कचेऱ्यांत काम करणाऱ्या मराठी कुटुंबांच्या मुलांना आपल्या भाषेत शिकता यावे म्हणून. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे संविधानाच्या ३५० क या अनुच्छेदानेही म्हटले आहे. या उद्देशासाठी काही जागा राखणे हा अन्याय नाही. परंतु सनदी शाळांच्या अनुभवावरून एक पथ्य शिकण्यासारखे आहे: अग्रक्रम असेल तर तो लिहिलेला असावा, आधी जाहीर केलेला असावा आणि मोजलेला असावा. अमुक हिस्सा मराठी घरांसाठी. त्यासाठी पालकांनी ‘आमच्या घरी मराठी बोलतात’ एवढे लिहून देणे पुरेसे, मग ती नागपुरी असो, खानदेशी असो वा मालवणी. उरलेल्या जागा शेजारच्या कोणत्याही घरातील मुलासाठी खुल्या. गेल्या काही वर्षांत हिंदी घरांतून आलेली मुले आपल्या वक्तृत्व स्पर्धांत मराठीत बोलताना आपण ऐकली आहेत. त्यांच्यामुळे मराठी उणावली नाही. या गावात तिचे बोलणारे वाढले.

आणि माजी विद्यार्थ्यांची मुलानातवंडे? रागावू नका, पण त्यांच्यासाठी वेगळी रांग नसावी, असे मला वाटते. आपण दिलेल्या देणगीतून वर्गखोल्या झाल्या, प्रयोगशाळा झाली. तिच्या भिंतीवर आपले नाव आहे आणि ते आदराने राहील. पण बाकावर बसणाऱ्या मुलाच्या जागेवर कोणाचेही नाव आधीपासून लिहिलेले नसावे. ज्यांच्या घरी मराठी आहे, ती मुले मराठी घरांच्या हिश्शात येतीलच.

या विचारांतून मी समितीपुढे चार नियम ठेवले आहेत. ते आपल्याही विचारार्थ वाचून दाखवते.

पहिला: मुलाची चाचणी नाही, पालकांची मुलाखत नाही, प्रवेशाशी जोडलेली देणगी नाही. अर्ज अधिक आले तर याच सभागृहात, पालकांसमक्ष सोडत होईल. भावंडांना अग्रक्रम राहील आणि प्रतीक्षायादी फलकावर लागेल.

दुसरा: प्रवेशाची सूचना मराठीत आणि येथील भाषेत छापून वस्त्यांवस्त्यांत लावली जाईल. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही, त्यांचा अर्ज शाळेतील शिक्षक लिहून देतील.

तिसरा: निकालासाठी कोणत्याही मुलाला दाखला नेण्यास सुचवले जाणार नाही. येथेही मला स्वतःकडे बोट दाखवले पाहिजे. मुख्याध्यापिका म्हणून माझ्या कारकिर्दीत नववीच्या दोन मुलांना ‘दहावीला बाहेरून बसवा’ असा सल्ला दिला गेला आणि त्यांच्या दाखल्यांवर माझी सही आहे. त्या वर्षी आपला निकाल शंभर टक्के लागला. सभेत टाळ्या वाजल्या, तेव्हा मला त्या दोघांची आठवण होत होती.

चौथा: मधल्या वर्गात जागा रिकामी झाली तर ती प्रतीक्षायादीतून भरली जाईल, आणि मराठी न येणाऱ्या वा मागे पडलेल्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर एक तास स्वतंत्र वर्ग चालेल.

याची किंमत द्यावी लागेल, हे मी लपवत नाही. माझ्या सहकाऱ्यांचे काम वाढेल. एखाद्या वर्षी निकाल खाली येईल आणि वर्तमानपत्रातील यादीत आपले नाव दिसणार नाही. सोडतीत ज्यांचे नाव निघणार नाही, ते पालक माझ्या खोलीत येऊन रडतील. त्यांना सांगण्यासारखे माझ्यापाशी फारसे काही नसेल. सोडतीने जागा वाढत नाहीत. जागा वाढवायच्या तर आणखी एक तुकडी हवी, आणि त्यासाठी मी आपल्याकडेच येणार आहे. परंतु त्या पालकाला मी एवढे तरी सांगू शकेन की, तुमच्या मुलात काही उणे होते म्हणून त्याला जागा मिळाली नाही, असे नाही. आपली माजी विद्यार्थिनी मला म्हणाली होती की, नापास झाला असता तर समजूत घालता आली असती. मी तिला तेव्हा उत्तर दिले नाही. आज देते: बाळ, सहाव्या वर्षी तो नापास झाला नाही, हीच त्याची समजूत.

समितीची बैठक पुढील महिन्यात आहे. निर्णय समिती घेईल आणि तो मला मान्य असेल. त्याआधी आपण आपली मते लेखी कळवावीत, अनुकूल असोत वा प्रतिकूल, ही विनंती. आपल्यापैकी कितीजण आज मुलाखत घेतली असती तर या शाळेत आले असते, हा प्रश्न मात्र घरी जाताना स्वतःला विचारून पाहावा. माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी त्याचे उत्तर मनातल्या मनात दिलेही असेल.